खालच्या क्वार्टरचा अर्ज

आमचा क्वार्टर वरच्या मजल्यावर होता, आणि गावाकडे बैलाने पाडल्यापासून सासूबाईंचा उजवा पाय खुब्यातून निकामी झालेला. भिलाईत आल्यापासून सात महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. दिवसभर खिडकीशी बसायच्या आणि खालच्या बायका सुपात काय पाखडतायत ते मला विचारायच्या. मला वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर वैतागही यायचा.

घरातलं माणूस पायाने अधू असेल तर खालचा क्वार्टर मिळतो, असं माझ्या यजमानांना रोलिंग मिलमध्ये कुणीतरी सांगितलं. घरात मॅट्रिक झालेली मी एकटीच, तेव्हा अर्ज मीच लिहिला, डॉक्टरचा कागद जोडला. तपासणीला ऑफिसातले बाबू येणार म्हटल्यावर सासूबाईंना बजावलं, "आत्याबाई, खाटेवरून उठू नका बरं!"

बाबू आले, चहा प्याले. मी कपबशा विसळून बाहेर येते तो खाट रिकामी. सासूबाई भिंत धरून, एकेका पायरीवर बूड टेकत, त्यांना पोचवायला थेट फाटकापर्यंत गेलेल्या! बाबू खूश. "माताजी तो अच्छी-खासी उतर लेती हैं," म्हणाले आणि सायकलवर टांग मारून निघून गेले. परत चढताना सासूबाई तिसऱ्याच पायरीवर बसल्या. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर यजमानांनी त्यांना पाठुंगळी घेऊन वर आणलं. हे पाहायला बाबू कुठे होते? अर्ज नामंजूर झाला.

मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी आलेल्या मानसाले खाटेवरूनच जा म्हनू काय? मी का रानी हाओ?"

पावसाळा सरल्यावर पुन्हा अर्ज केला. या खेपेला बाबू दुसरे होते, आणि खाटेवरून हलणार नाही असा शब्द मी सासूबाईंकडून आधीच घेतला होता. सासूबाई दिल्या शब्दाला जागल्या. पण बाबू जायला उठले तशी त्यांनी दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट आवळली आणि त्यांचे डोळे भरून आले. बाबूंना वाटलं, पाय ठणकतोय. काय ठणकत होतं ते मला ठाऊक होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी गप्पच बसेन.

खालचा क्वार्टर मिळाला. सासूबाई अंगणात बसू लागल्या, बायकांबरोबर तांदूळ निवडू लागल्या. आणि दूधवाला येवो की पोस्टमन, काठी टेकत प्रत्येकाला फाटकापर्यंत पोचवू लागल्या. उन्हात ठेवलेलं दूध नासायला लागलं तरी त्यांचं आपलं चालूच. एकदा न राहवून मी विचारलं, "आत्याबाई, दूधवाल्याले कावून पोचवता रोज?"

"त्या बाबूले पोचवाचं राहून गेलं ना, माय," त्या म्हणाल्या.