साडभावांची आठ मिनिटं

समुद्रापासून इतकं लांब राहून बोटीच्या पंख्याबद्दल इतकी ठाम मतं बाळगणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्यानं आधी शेलूबाजारला येऊन आमच्या साडभावांना भेटून जावं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझं मालेगावात कापडाचं दुकान, त्यांचं शेलूबाजारला हायवेला लागून पंप आणि मोटारी दुरुस्तीचं. सासरी कौतुक कायम त्यांचंच, कारण कापड फाडणाऱ्या जावयापेक्षा मोटार बांधणारा जावई जास्त कामाचा. तीस वर्षं मी हे मुकाट्यानं ऐकत आलो. आज मी आपण होऊन त्यांचं कौतुक सांगायला बसलोय, तेव्हा गोष्ट तशीच असणार हे समजून घ्या.

त्यांची मुख्य दौलत म्हणजे कान. पेचकसाचं एक टोक पंपाला लावायचं, दुसरं कानाला, डोळे मिटायचे आणि शेतकऱ्याला म्हणायचं, ‘‘हिरीत पाणी हाय, पण तळचा फुटव्हॉल मेला.’’ चुकलेले मी पाहिले नाहीत. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात चौथ्या फेऱ्याला मांडवामागच्या जनरेटरचा आवाज बदलला, तर हे हातातल्या अक्षता माझ्या हातात ओतून मागे गेले ते एकदम जेवणाच्या पंगतीला उगवले, कोपरापर्यंत काळे. मी रागावलो तर म्हणाले, ‘‘बेअरिंग रडून राह्यली होती, साडभाऊ. मले फेरे दिसतच नव्हते.’’ त्या लग्नाच्या एकाही फोटोत ते नाहीत, आणि ताई, म्हणजे त्यांची बायको, अजून दर दिवाळीला तो विषय काढते.

एवढा पाण्याचा धंदा करणारा हा माणूस पाण्याला मात्र भितो. विहिरीच्या काठावर सुद्धा मागे कोणीतरी सदऱ्याचं टोक धरून उभं लागतं. ते सदरा धरायचं काम वीस वर्षं त्यांच्या दुकानातल्या गजूनं केलं. गजू जवळच्या धरणाच्या पलीकडच्या वस्तीवरचा. पावसाळ्यात त्या वस्तीचा रस्ता पाण्याखाली जातो आणि चार महिने ये-जा लाकडी नावेनं होते. तीन पावसाळ्यांमागे गजूला साप चावला. फोन आला तसे साडभाऊ जीप घेऊन अलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिले, जीप चालू ठेवून. नाव वल्हवत यायला पाऊण तास लागला आणि गजू वाटेतच गेला. त्यानंतर साडभावांनी विहिरीवर जाणंच बंद केलं.

म्हणूनच गेल्या वर्षी धरणावर दोन इंजिनांची बचाव बोट आली तेव्हा दुकानाला कुलूप लावून ते तिथे पोचले, आणि मला कापसाच्या हंगामातलं गिऱ्हाईक सोडून सदरा धरायला जावं लागलं. बोट होती जुनी. कुठल्या तरी खाडीत आयुष्य काढून आलेली, बरोबर पेटीभर जास्तीचे पंखे. बोट आणणाऱ्या सरकारी साहेबांनी सरळ सांगितलं होतं: महिन्याभरात चाचणी घेऊ, चार माणसं आणि एक स्ट्रेचर घेऊन बोट आठ मिनिटांत पलीकडे गेली तर इथे राहील, नाहीतर दुसऱ्या धरणावर जाईल. पहिल्या दिवशी किसननं, म्हणजे तिथंच मासेमारी करणाऱ्या आणि आता बोट चालवायला घेतलेल्या गड्यानं, ती साडेदहा मिनिटांत नेली. साडभावांनी घड्याळ पाहिलं, पेटी पाहिली आणि म्हणाले, ‘‘पंखाच चुकीचा हाय.’’

आता पंपवाला माणूस चूक करणार तीही पंपवाल्यासारखीच. पंपांचा नियम असा की सगळे अंगावरच्या बाणाच्या दिशेनं फिरतात. त्यांनी पेटीतून एकाच तोंडाचे, म्हणजे एकाच बाजूला फिरणारे, दोन पंखे काढून दोन्ही इंजिनांना बसवले. ती इंजिनं मुद्दाम एकमेकांच्या उलट फिरणारी होती, हे त्यांना कोण सांगणार? किसननं गिअर टाकला तशी एक बाजू पुढे ढकलायला लागली, दुसरी मागे, आणि बोट घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी फिरायला लागली. साडभाऊ काठावरून फोनवर विजेच्या मोटारीचा उपाय सांगतायत, ‘‘दोन फेजच्या वायरी अदलाबदल कर, सुलटी फिरन.’’ किसन तिकडून म्हणतो, ‘‘भाऊ, हे पेट्रोलचं हाय. वायर कायची बदलू?’’ मी हसलो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी एक डावा, एक उजवा असा जोड लावला, पण सगळ्यात जाड आट्यांचा. पंखा म्हणजे पाण्यातला स्क्रू, आटे जितके जाड तितका एका फेऱ्यात पुढे सरकणार, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. बोट मात्र अकरा मिनिटांवर गेली. साडभाऊ किसनला म्हणाले, ‘‘फोन इंजिनापाशी धर.’’ आणि काठावर डोळे मिटून ऐकत राहिले. ‘‘दम लागून राह्यला तिले. वजन पेलवत नाई, फेरेच पुरे होत नाई.’’ मग एकदम बारीक आट्यांचा जोड लावला. इंजिनं रिकाम्या गाडीसारखी किंचाळली, वेळ मात्र तेवढाच. असं करत करत चौथा जोड बसला तेव्हा इंजिनाच्या काट्यावर फेरे जिथे पाहिजेत तिथे आले आणि घड्याळात नऊ मिनिटं आली. पुढचे आठ दिवस ती नऊच राहिली.

ह्या सगळ्यात एक भानगड वेगळीच. आमचं घराणं जैन, आणि साडभाऊ त्यातले कडक. सूर्य मावळला की पाणीही नाही. पंख्यात मासे सापडतील ह्या काळजीनं ते बोट सुटायच्या आधी काठावर लोखंडी पाइप आपटत आणि दोन मिनिटं थांबायला लावत. किसन, ज्याचं पोटच मासोळीवर, कपाळाला हात लावून म्हणायचा, ‘‘भाऊ, तुमी हाकलता त्याच मी सकाळी धरतो.’’ साडभाऊ म्हणायचे, ‘‘ते तुह्यं तू पाह्य. माह्या पंख्यानं नाई मेली पाह्यजे.’’

चाचणीच्या आदल्या दिवशी आम्ही किन्हीराजाकडून येत होतो. पुढे कडब्याची बैलगाडी. ओझं पुढे भरलेलं, बैलांच्या मानेवर आलेलं, म्हणजे धुरजड. साडभावांनी जीप थांबवली, गाडीवानाला उतरवून चार पेंढ्या स्वतः मागे सरकवल्या आणि गाडी सुटवंग, हलकी चालायला लागली तशी ते रस्त्यातच उभे राहिले. ‘‘साडभाऊ, आपली बोट धुरजड हाय.’’ बोटीच्या इंजिनांचे पाण्यातले पाय मागून वरखाली करायचं एक बटण असतं. आम्ही ते पाय पार खाली ठेवले होते आणि बोट नाक पाण्यात खुपसून नांगरत होती. धरणावर जाऊन त्यांनी किसनला बोटीला वेग आल्यावर पाय जरा जरा वर घ्यायला लावले, दोन्ही अगदी सारखे, आणि फोनला कान लावून बसले. नाक वर आलं, आवाज मोकळा झाला. आणखी वर घेतलं तसा आवाज एकदम फुटला. ‘‘बस. उलाळ झाली, नाक लय उचललं, पंखा हवा खाते. बोटभर खाली घे.’’ तिथे दोन्ही पायांवर ऑइलपेंटची खूण केली. त्या फेरीत चाचपडण्यातला वेळ धरून आठ मिनिटं दहा सेकंद लागले.

चाचणीला साहेब उशिरा आले आणि मग चहा घेत बसले. तेवढ्यात साडभावांनी काठावर पाइप आपटून घेतला. बोट सुटली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. साडभावांच्या हातात घड्याळ, माझ्या हातात त्यांचा सदरा. त्यांचे ओठ हलत होते. नवकार म्हणत असतील. पलीकडे किसननं लाल फडकं हलवलं तेव्हा सात मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. मी ओरडलो, मला लाज वाटत नाही सांगायला, आणि काठावरच्या अनोळखी माणसांना पकडून पकडून सांगत सुटलो, हे माझे साडभाऊ. साडभावांनी घड्याळ खिशात घातलं. बोट परत येईपर्यंत सूर्य मावळला होता, डबा जीपमध्ये तसाच राहिला, आणि त्या दिवशी ते उपाशी झोपले.

पुढच्या रविवारी गजूच्या बायकोनं, सुमननं, जेवायला बोलावलं. ‘‘उजेडातच वाढतो, भाऊ. पण बोटीनं या.’’ नाही म्हणायची सोय नव्हती. साडभाऊ जन्मात पहिल्यांदा बोटीत बसले, डोळे गच्च मिटून, माझं मनगट असं धरून की दोन दिवस वळ राहिले. मध्यावर आल्यावर फक्त एवढं म्हणाले, ‘‘डावं जरासं मागं पडून राह्यलं, किसन.’’

पलीकडे उतरल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि वळून अलीकडचा काठ पाहिला. आमची जीप स्पष्ट दिसत होती, तिचं उघडं राहिलेलं दार सुद्धा. पाहता पाहता ते पाण्याच्या अगदी कडेला आले. सुमन मागे येऊन उभी राहिली होती.

‘‘इतकंसंच होतं का हे?’’ ते म्हणाले.

मी त्यांचा सदरा धरायला हात पुढे केला, तर तो सुमननं आधीच धरला होता.