चाचांनी न उघडलेला डबा

दुसऱ्याची बॅग उघडायला उस्मानचाचांना कधीच संकोच वाटला नाही. महाडहून आखातात जाणाऱ्या पोरांना ते आपल्या जीपने मुंबईला सहारच्या विमानतळावर पोचवत. पण निघण्याआधी प्रत्येकाचं सामान त्यांच्या दारातल्या बाकावर उघडलं जाई. सुतळी कापून ते एकेक वस्तू बाहेर काढत आणि पोराचे नातेवाईक कसनुसं तोंड करून बघत राहत. मी पहिल्यांदा शारजाला निघालो तेव्हा माझी लोणच्याची बरणी त्यांनी नाकाशी धरली आणि म्हणाले, "ही फुटली तर तुझा पासपोर्ट पण मुरंल रे!" बरणी तिथेच राहिली. पुढे महिनाभर त्यांच्याकडे माझं लोणचं खाल्लं गेलं, हे मला नंतर कळलं.

जीप सुरू झाली की चाचांची शाळा सुरू होई. विमानात गार लागतं, कानटोपी वर ठेव. जेवणाबरोबर येतात त्या साखरेच्या पुड्या खिशात घाल, पहिल्या सकाळचा चहा त्यावर निघंल. साहेबानं कागद बघायला वेळ लावला तर हसू नको, रडू पण नको. आणि सगळ्यात शेवटी, पनवेलच्या पुढे, आवाज चढवून: "खसखस नेऊ नको. आपल्याकडं ती वाटणात घालतात, तिकडं तिच्यापायी बेड्या घालतात!" गंमत म्हणजे हा माणूस स्वतः कधी विमानात बसलेला नव्हता. सगळं ज्ञान परतीच्या पोरांकडून गोळा केलेलं. पण ते खरं असे. शारजातल्या पहिल्या सकाळी अनोळखी खोलीत त्या साखरेचा चहा पिताना मला एकदम भरून आलं होतं.

चाचांचा मुलगा सलीम माझ्याच कंपनीत, माझ्याच खोलीत. पुढे त्याने बायकोला आणलं, वेगळं बिऱ्हाड केलं आणि दिवाळीच्या सुमाराला त्याला मुलगा झाला. नातू बघायला चाचांनी यावं म्हणून त्याने व्हिसा आणि तिकीट पाठवलं. महाडच्या बाजारपेठेत चाचांनी ही बातमी ज्याला नको त्यालाही सांगितली. "आता विमानतळाच्या काचेच्या पलीकडं काय हाय ते आपल्या डोळ्यांनी बघतो," असं ते म्हणत. आमच्या आईला पोलादपुराजवळच्या गावी हे कळलं, तशी ती एसटीने महाडला गेली आणि माझ्यासाठी फराळाचा डबा देऊन आली. तिने झाकणावर माझ्या नावाची चिठ्ठीही चिकटवली होती.

ठरल्या दिवशी मी आणि सलीम शारजाच्या विमानतळावर उभे राहिलो. विमान आलं, माणसं बाहेर पडली, त्यांचे नातेवाईक त्यांना घेऊन गेले. चाचा आले नाहीत. संध्याकाळपर्यंत आम्ही कठड्याला टेकून होतो. आत कुणी विचारू देईना. सलीमची बायको घरी पोराला नवं झबलं घालून बसली होती. दोन दिवसांनी महाडहून फोन आला, की चाचा परत पोचले. व्हिसाच्या कागदात खोट निघाली म्हणे. माझ्यासाठी एवढाच निरोप होता, की आईने विचारलं तर फराळ एका सहप्रवाशाच्या हातून मिळाला म्हण. डबा गडबडीत हरवला असेल आणि चाचांना ओशाळं वाटत असेल, असं मी समजलो. आईला फोनवर म्हणालो, "छान झाला होता गो."

महाडात मात्र चाचांचं हसं झालं. साऱ्या जगाचं सामान तपासणारा माणूस स्वतःच्याच कागदात अडकला! बाजारात पोरं विचारत, "चाचा, काचेच्या पलीकडं काय दिसलं?" त्यांनी सहारची फेरी सोडून दिली. जीप महाड-बिरवाडी करू लागली. दारातला बाकही आत गेला. सलीमने पुन्हा तिकीट पाठवतो म्हटलं, तर ते म्हणाले, "मला आता तिकडं घेनार नाय."

का घेणार नाहीत, ते सलीमने मला वर्षभराने, मी सुट्टीवर निघालो त्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. बापाने शपथ घातली होती, म्हणून तो इतके दिवस गप्प होता. सगळ्यांच्या बॅगा उचकणाऱ्या चाचांनी माझ्या आईचा डबा तेवढा उघडला नव्हता. "हिंदू बाईनं सणाचं केलेलं, त्यात आपण हात कशाला घाला," असं ते घरात म्हणाले होते. आत अनारसे होते, आणि आईचे अनारसे म्हणजे वरून खसखशीने गच्च भरलेले. आमच्या घरातून परदेशी गेलेला मी पहिलाच; आईला तिकडचे नियम माझ्याशिवाय कोण सांगणार? शारजाला उतरल्यावर तपासणीच्या टेबलावर झाकण उघडलं तेव्हा चाचांनी आधी नखाने माझ्या नावाची चिठ्ठी खरवडून काढली आणि तोंडात घातली. मग म्हणाले, "माझं हाय. माझ्या घरचं हाय." त्यांना रात्रभर एका खोलीत बसवून ठेवलं, नाना प्रश्न विचारले आणि परत पाठवलं. नातू तिथून अर्ध्या तासावर होता.

हे ऐकल्यावर मला सलीमकडे बघवेना. घरी पोचलो, तरी महाडला जायचं धाडस होईना. शेवटी आईच म्हणाली, "एवढा मानूस आपला डबा घेऊन गेला, त्याला भेटून तरी येऊ." दिवाळी नुकतीच झाली होती. तिने पिशवीत डबा घेतला. त्यात काय आहे ते मला विचारायची गरज नव्हती.

चाचा खंगले होते. मला बघून उठले, आणि आईची पाठ वळताच माझा दंड धरून कुजबुजले, "माफ कर रे. तुझ्या आईच्या हातचं त्यांनी माझ्यासमोर कचऱ्यात टाकलं. मला थांबवता नाय आलं." माझ्यामुळे ज्याची नातवाची भेट हुकली आणि अब्रूही गेली, तो माझी माफी मागत होता. "तिला सांगू नको," ते म्हणाले. "तिनं पुन्हा कधी अनारसा केला नाय, तर ते मला सोसनार नाय."

आईने डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. चाचांनी एक अनारसा उचलला आणि खसखशीसकट सावकाश खाल्ला. "काय जाळी पडलीय वैनी!" ते म्हणाले.

"गेल्या खेपेचे पन असेच होते," आई खुशीत म्हणाली. "सलीमला दिलेन की नाय ह्यानं?"

"कुठचा देतोय! सलीम सांगत होता, एकट्यानं फस्त केले." आणि चाचा मोठ्याने हसले. वर्षभरात पहिल्यांदाच हसले असतील, कारण आतून त्यांची बायको दारात येऊन बघू लागली.

आई माझ्याकडे वळली. "एकट्यानं खाल्लेस? लाज नाय वाटली रे तुला?"

मी चाचांकडे बघितलं. ते बोटाला लागलेली खसखस झटकत होते.

"वाटली, आई," मी म्हणालो.