मॉडेलची मूठ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आणि शिकायचं काय, तर माणसाची हाडं कागदावर काढायला! त्या वर्षी दुष्काळ पडला होता, आणि आमच्या चित्रकलेच्या वर्गात चितेगावकडचा एक मेंढपाळ मॉडेल म्हणून उभा राहायचा. एका पायावर भार टाकला की हलायचा नाही. उजवी मूठ मात्र कायम मिटलेली.

सर म्हणाले, "बाबा, बोटं उघडा. नाहीतर उद्या दुसरा माणूस बघावा लागेल."

त्यानं उघडली. थोड्या वेळानं ती आपोआप मिटली. पोरं हसली.

"मेंढरं इकली सायेब, काठी घरी ठिवली," तो म्हणाला. "हाताला आजून सांगितलं नाय."

सर आम्हाला म्हणाले, "मूठच काढा रे."

मी काढली. आत काठीएवढी जागा ठेवली.