शेंगपेंड महागली त्या वर्षी

ते प्रकरण हाती आले ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. तंजावूरकडे, पापनाशमजवळच्या गावातली एक बाई आमच्या पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसली होती. "सार, माझ्या गाईला विष घातलंय. लिहून घ्या." संशय शेजाऱ्यावर, बांधाचे जुने भांडण होते. गाय मेली की आधी शेजारी आठवतो, हा माझा नोकरीभरचा अनुभव.

प्रथम खबर नोंदवली, तिच्या अंगणात पंचनामा केला. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने गाईचे पोट उघडताच अमोनियाचा भपकारा आला. तो म्हणाला, "हे कीटकनाशक नव्हे. युरिया आहे, आणि एकदम पोटात गेलाय." तेवढ्यात दूध संकलन केंद्रावरच्या माणसाने खबर दिली, की पलीकडच्या गावातही एक गाय तडफडून मेली. दोन्ही घरांत पशुखाद्य एकाच गिरणीचे होते. ठाण्यात बसवलेल्या शेजाऱ्याला मी घरी पाठवले.

गिरणी तंजावूरच्या वेशीवर होती. चालवणारा आमच्यातलाच, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरातला. त्याच्या नव्या गोण्या गावोगाव पोहोचल्या होत्या. कुठे पोहोचल्या, हे फक्त त्यालाच ठाऊक. संध्याकाळी धारेच्या वेळी ते खाद्य गाईंपुढे जाणार होते. तोवर त्याला बोलते करणे भाग होते.

"गोणीवर लिहिलेली प्रथिनं आत आहेत, सार. प्रयोगशाळेत पाठवा," तो तमिळमध्ये ठणकावून म्हणाला.

त्याचे खरे होते. प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्यावरून प्रथिने काढते. युरियातले नत्रही त्यात खपून जाते.

मी मराठीवर आलो. "युरिया का घातलास?"

"थोडा सगळेच घालतात, अण्णा. शेंगपेंडीचा भाव कुठं गेलाय, बघितलात? पेंड कमी केली, कोंडा वाढवला. मग प्रथिनं कुठून आणू? तुमच्या ठाण्यातून?"

हवालदार पुढे सरकला. मी त्याला हातानेच थांबवले.

"माझ्या दोन गाई हेच खातात," तो म्हणाला. "मेल्या का त्या?"

"त्यांना कसं घालतोस?"

"कसं म्हणजे? पेंढ्यावर भुरभुरून. सुकं."

सकाळच्या अंगणातली तोट्टी, म्हणजे गाईच्या पाण्याची टाकी, माझ्या डोळ्यांपुढे आली. "अरे, गावातल्या बाया तुझं खाद्य तोट्टीत ओततात. तांदळाच्या धुवणात दिवसभर भिजवतात, पेंड भिजवतात तसंच. युरिया सगळा पाण्यात उतरतो. गाय आधी ते पाणीच पिते, एका दमात."

पेंड भिजवतात हे त्याला माहीत होते. आपल्या गोणीचेही तेच होत असेल, हे त्याच्या मनात कधी आले नव्हते.

"जीप काढा, अण्णा," तो म्हणाला. "गावं मी दाखवतो."

जीपमधला ध्वनिक्षेपक त्यानेच हातात घेतला. "अम्मा, माझी गोणी घालू नका! तोट्टी ओतून द्या!" बायांनी त्याला शिव्या घातल्या. एकीने तोट्टीतले पाणी त्याच्याच पायांवर ओतले. तो पुसतही नव्हता. पुढच्या घराकडे बोट दाखवत होता. त्या संध्याकाळनंतर एकही गाय मेली नाही.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. पण आरोपीने दाखवून दिलेला मुद्देमाल चालतो. त्याने दाखवलेली प्रत्येक गोणी सीलबंद झाली, आणि युरियाची वेगळी चाचणी होऊन त्याच्याविरुद्ध उभी राहिली. गप्प बसला असता, तर नमुना प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या नत्राच्या चाचणीत बहुधा उत्तीर्ण झाला असता.

सुनावणीच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात ठाण्याच्या पायरीवर बसलेली ती पहिली बाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "पेंड महागली तर सांगायचं होतं. आम्ही माणसं नाही का? चार पैसे जास्त दिले असते."

"सांगितलं होतं, अम्मा. पोंगलच्या आधी भाव वाढवला, तर तुम्ही सगळ्या दुसऱ्याकडे गेलात. युरिया घालून उतरवला, तेव्हा परत आलात."

ती पदर तोंडाला लावून बाकावर बसली.

त्याला शिक्षा झाली. गिरणी विकली गेली. त्याने गुन्हा केला होता. मी त्याची वकिली करत नाही. पण पेंडीचा साठा करून भाव चढवणारे कुठल्याच ठाण्याची पायरी चढले नाहीत, आणि त्यांना बोलवायला माझ्याकडे कलम नव्हते. कायदा एवढेच विचारतो, की युरिया मिसळणारे फावडे कुणाच्या हातात होते. स्वस्त गोणी बघितली की त्यातून काय काढले, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि सरकारही विचारत नाही. ते गाईच्या पोटात कळते.

मला या प्रकरणाने शिकवले ते कडू आहे. त्या संध्याकाळी किती गोठे वाचले, याची नोंद कुठेही नाही. ज्याने ते वाचवले, तो कागदोपत्री आरोपी क्रमांक एक आहे, आणि त्याच्या अटकेच्या पंचनाम्यावर सही माझी आहे.