गल्लीतली सगळ्यांत चकचकीत गाडी

कोल्हापुरात मोठ्याने बोलणं म्हणजे नुसतं बोलणंच. तरी आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा आवाज जरा जास्तच. ते बायकोकडे चहा मागतात, तेव्हा वर मलाच आधण ठेवावंसं वाटतं.

पण राग आला की हा माणूस एकदम गप्प होतो. बादली भरतो, बाहेर येतो आणि मोटारसायकल धुवायला लागतो. थोरल्या लेकीने गणिताचा पेपर कोरा दिला, त्या दिवशी तर त्यांनी चाकाची एकेक तार घासली.

"कालच धुतली होती की हो," मी म्हटलं.

"आमचा बा पट्टा काढायचा, वहिनी. राग त्येचाच आलाय माझ्यात." फडकं पिळता पिळता ते म्हणाले, "पर हात माझं हायत की."

गेल्या रविवारी लेक पायरीवर चित्र रंगवत बसली होती. धाकट्या भावाने त्यावर पाण्याचा पेला सांडला. सकाळभराचं चित्र वाहून गेलं. ती लालबुंद होऊन उठली, तिने हात उगारला आणि वर गॅलरीत माझेच डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा ती नळाखाली बादली लावत होती. मग न बोलता तिने आपली सायकल घासायला घेतली. वडील दारात उभे होते. त्यांनी आपलं गाडी पुसायचं फडकं तिच्यापुढे धरलं.

धाकटा मात्र जागचा हललाही नव्हता. उगारलेल्या हाताला भ्यायचं असतं, हे त्या पोराला कुणी शिकवलंच नव्हतं.