दोन भावांचा पासवर्ड

मिलमध्ये छाया बडगुजर पोचल्याशिवाय एकही जेट सुरू होत नसे. पहिले काही महिने तिला याचा अभिमान वाटला. मग वाटेनासा झाला. अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यापर्यंत तर सकाळी रिक्षातून पांडेसऱ्याच्या गिरण्यांची धुराडी दिसली की तिला रिक्षा परत फिरवावीशी वाटायला लागली होती.

मिल साड्यांचं कापड रंगवणारी. जेट म्हणजे त्यातली रंगाची मोठी बंद टाकी. कुठल्या शेडला कुठला रंग किती, ऍसिड किती, पाणी किती तापवायचं, ही झाली रेसिपी. मिलचा सगळा धंदा या रेसिपींवर. पूर्वी त्या कलर मास्टरच्या डोक्यात असत, आणि मास्टर दुसऱ्या मिलमध्ये गेला की त्याच्याबरोबर जात. म्हणून शेठांनी कॉम्प्युटर घेतला, आणि तो चालवायला उधन्याच्या क्लासात टायपिंग आणि डॉस शिकलेली छाया घेतली. तिचा नवरा गोपाल फोल्डिंग खात्यात आधीपासून होता. म्हणजे बाई ओळखीतली होती.

शेठ दोघे. थोरले रमणीकभाई, धाकटे हसमुखभाई. सख्खे भाऊ, एकाच बंगल्यात वर-खाली राहत, एकाच केबिनमध्ये समोरासमोर बसत, आणि एकमेकांशी बोलत नसत. बोलायची वेळ आलीच तर तिसऱ्याकडे पाहून बोलत. "छायाबेन, भाईंना सांग, कोळसा दोन दिवस पुरेल," असं हसमुखभाई म्हणत तेव्हा भाई समोर बशीतून चहा पीत असत. "त्याला म्हणावं, मला डोळे आहेत," असं भाई छायाला सांगत. छाया फक्त मान हलवी. निरोप पोचलेलाच असे.

कॉम्प्युटरवर आधी विंडोज नाइन्टीफाइव्ह होतं. सुरू करताना ते पासवर्ड विचारी. छायाने एक पासवर्ड ठेवला आणि सगळे निश्चिंत झाले. मग त्यांच्या मिलचा सगळ्यात खपणारा हिरवा-निळा रामा रंग, अगदी तोच, दुसऱ्या कुणाच्या साड्यांवर रिंग रोडच्या कापडबाजारात दिसला. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो खुर्चीत बसला, पासवर्डची चौकट येताच त्याने एस्केपची कळ दाबली. चौकट गेली आणि सगळं उघडं.

"याला कुलूप नसतंच," तो म्हणाला. "नुसती कडी असते. ज्याला माहीत आहे तो काढतो."

थोरल्यांचा संशय धाकट्यांच्या मेव्हण्यावर होता, धाकट्यांचा थोरल्यांच्या जावयावर. मेव्हणा आणि जावई दोघेही अधूनमधून ऑफिसात येऊन बसत. सिद्ध काहीच झालं नाही. तेवढ्याने दोघा भावांच्या वहिवाटीच्या भांडणाला आणखी एक खोली मिळाली.

कॉम्प्युटरवाल्याने मग विंडोज एनटी टाकलं. एनटीत माणसाच्या नावाने आत जायचं, आणि कुठलं फोल्डर कुणाच्या नावाला उघडावं ते ठरवता येतं. तिथे एस्केप दाबून भागत नाही. तीनदा पासवर्ड चुकला तर ते नाव अर्धा तास बंद पडतं.

"रेसिपीच्या फोल्डरवर कोणाचं नाव घालू?" त्याने विचारलं.

'रमणीक' घातलं तर हसमुखभाई उठून जातील. 'हसमुख' घातलं तर रमणीकभाई जेवणार नाहीत. दोन्ही घातली तर मेव्हणा आणि जावई दोघांचीही सोय. दोघे भाऊ दोन बाजूंना पाहत होते. फिरत फिरत दोन्ही नजरा छायावर येऊन थांबल्या.

"छायाबेन तो घरना माणस," रमणीकभाई म्हणाले.

"ने जशे क्यां?" हसमुखभाई म्हणाले. जाऊन जाऊन जाणार कुठे.

दोघांनी मग तिला वेगवेगळं बोलावलं आणि लक्ष्मीच्या फोटोपुढे शपथ घातली की पासवर्ड दुसऱ्याला सांगणार नाही. एनटीचा सगळा कारभार तिच्या एका नावावर झाला. रोज सकाळी ती तीन कळा एकदम दाबून आत शिरे, दिवसभराच्या लॉटच्या रेसिपी छापून रंग मोजायच्या खोलीत, कलर किचनमध्ये, पाठवी, मग कॉम्प्युटरला कुलूप लावी. बाथरूमला जातानासुद्धा. ती पासवर्ड टाइप करताना दोन्ही शेठ अदबीने मान वळवत, देवाला नैवेद्य दाखवताना वळवतात तशी.

घरी सगळ्यांना हे मानवलं. गोपालची रात्रपाळी बंद झाली. सासू पुष्पाबाई उधन्याच्या चाळीत सांगत फिरायच्या, "आमनी सून मिलनी चावी शे." दिवाळीला पुष्पाबाईंच्या नावाने वेगळी साडी आली. दहा वर्षांच्या सोनालीला वाटायचं, आईच्या डोक्यात काहीतरी बसवलेलं आहे.

सुट्टीचं मात्र कोणी नाव काढत नव्हतं. छाया तापात आली, दाढ काढली त्या दिवशी गालात कापूस घालून आली. मागच्या श्रावणात तिचा बाप गेला. निरोप आला तेव्हा मोठ्या ऑर्डरचे लॉट लागले होते. "सकाळच्या रेसिपी काढून जा," एवढंच रमणीकभाई म्हणाले, आणि फार हळुवारपणे म्हणाले. ती काढून गेली. दोंडाईच्याला उतरून गावात पोचली तेव्हा मंडळी नदीवरून परत येत होती.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती. खानदेशातल्या लेकी आखाजीला माहेरी जातात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, हे तर होतंच. पण आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागरही पुजतात, आणि या आखाजीला माहेरच्या घरात बापाच्या नावाची पहिली घागर भरायची होती. ज्याला शेवटचं पाहिलं नाही त्याच्या घागरीला तरी हात लागावा, एवढंच छायाला पाहिजे होतं. बाकी आयुष्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती, किंवा असली तरी ती तिने मोजली नव्हती.

तिने आधी रमणीकभाईंना विचारलं.

"जा की. मी कुठे अडवतो? पासवर्ड मला सांगून जा."

"शपथ आहे ना, भाई."

"मग त्याला विचार."

हसमुखभाईंनीही हेच सांगितलं, फक्त 'त्याला'च्या जागी 'एमने', म्हणजे 'त्यांना', म्हणाले, कारण थोरल्यांचा मान राखायची घराची पद्धत होती.

घरी पोळ्या लाटताना तिने विषय काढला. गोपाल कपडे बदलत होता.

"मन्हा बापनी पहिली घागर शे," ती म्हणाली.

"मंग मी कुठे नही म्हणस? पण जेट बंद पडनात तर लोके माले इचारतीन."

"तुमले कसाले इचारतीन?"

"मंग कोणले इचारतीन? तू तर तठे झोक्यावर ऱ्हाशी."

पुष्पाबाई लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मी लगीन झायं तवयपाशीन चार आखाज्या माहेरले गयी. चारच. मरनू का?"

छायाने पोळी उलटली. ती थोडी करपली होती.

दुसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. तिने दोन्ही शेठांना एकत्र सांगितलं, म्हणजे दोघांच्या मधल्या कॅलेंडरकडे पाहून सांगितलं. एनटीचा पासवर्ड चौदा अक्षरांपर्यंत चालतो. पहिली सात भाईंनी ठेवावीत, पुढची सात हसमुखभाईंनी. आधी एकाने टाइप करायचं, उठायचं, मग दुसऱ्याने बसायचं. पडद्यावर अक्षरं येत नाहीत, नुसत्या चांदण्या येतात. दोघे असल्याशिवाय उघडणार नाही आणि छाया नसली तरी अडणार नाही.

दोघेही बराच वेळ खोट शोधत राहिले.

"त्याला म्हणावं, माझं आधी, म्हणजे मी त्याच्या भरवशावर," रमणीकभाई म्हणाले.

"एमने कहो, माझं नंतर, म्हणजे मी एमना भरवशावर," हसमुखभाई म्हणाले.

हे समान निघालं म्हणून ठरलं. छायाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. रमणीकभाईंनी एका बोटाने अक्षरं शोधत आपली सात टाकली, खात्रीसाठी खालच्या चौकटीत पुन्हा टाकली. हसमुखभाई बसले आणि आधी त्यांनी चांदण्या मोजल्या.

"आठ आहेत! छायाबेन, एमने कहो, आठ आहेत!"

"त्याला म्हणावं, चष्मा घाल."

सातच होत्या. त्या दिवशी उघडलं. दुसऱ्या दिवशीही उघडलं. दोघे भाऊ एका खुर्चीतून एकामागोमाग उठले-बसले आणि एकदा तर हसमुखभाईंनी थोरल्यांसाठी खुर्ची ओढून धरली. छायाने बॅग काढली, सोनालीचा नवा फ्रॉक त्यात ठेवला, आईसाठी मिलच्या कापडाचे दोन ब्लाउजपीस ठेवले. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीचं तिकीट गोपालनेच आणलं. घागरीला हात लावायच्या आधी आंघोळ विहिरीवर करायची की घरी, असलाही विचार तिच्या मनात येऊन गेला.

निघायच्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी ती शेवटचं पाहायला म्हणून मिलमध्ये गेली. कलर किचनमध्ये माणसं रेसिपीची वाट पाहत बादल्यांवर बसली होती. केबिनमध्ये ती सवयीने भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे कळांचे आवाज झाले, आधी सावकाश, मग भराभर, आणि मग कॉम्प्युटरचा ठसका लागल्यासारखा आवाज.

"एमने कहो, पाछुं करो," हसमुखभाई म्हणाले. पुन्हा करा.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा झालं तशी ती वळली. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं होतं की हे नाव बंद झालंय. कीबोर्डच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा पेटलेला होता. भाईंच्या बोटाने कधीतरी कॅप्स लॉकची कळ दाबली गेली होती आणि सगळी अक्षरं मोठी पडली होती.

"भाई, तो दिवा..."

पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा दोघे भाऊ एकमेकांकडे पाहून बोलत होते. "तू मुद्दाम चुकलास. तुझ्या मेव्हण्याने शिकवलं तुला!" "तुम्ही मुद्दाम चुकलात, जावयाला धंदा द्यायचाय!" बाहेर जेट थांबलेले. सुपरवायझर दारातून डोकावून गेला. अर्धा तास आता काहीच करता येणार नव्हतं.

छाया पाण्याच्या कुलरपाशी जाऊन उभी राहिली. रमणीकभाई मागून आले. इकडेतिकडे पाहिलं, आणि तिच्या कानाशी आपली सात अक्षरं म्हणाले. नातीचं नाव होतं. "माझं वय झालं. बोट घसरतं. तू टाइप कर, चूक त्याचीच आहे ते कळेल." ती नको म्हणेपर्यंत ते निघून गेले होते. जिन्याखाली हसमुखभाईंनी गाठलं. त्यांची सात अक्षरं म्हणजे आईचं नाव होतं, वर्षं झाली जाऊन. "भाईंना बोलू नको. तू टाक, मग बघ कोण चुकतं."

अर्ध्या तासाने तिने हिरवा दिवा विझवला आणि सगळी चौदा अक्षरं एका दमात टाकली. उघडलं. प्रिंटर करकरायला लागला. बाहेर पहिल्या जेटमध्ये पाणी सुटल्याचा आवाज आला.

दोघे भाऊ आपापल्या खुर्च्यांत टेकले. कोण चुकलं ते कोणी विचारलं नाही.

"हे असंच बरं," रमणीकभाई म्हणाले.

"हा भाई," हसमुखभाई म्हणाले. सरळ त्यांनाच म्हणाले.

दोघांची अक्षरं आता पुन्हा आपल्या एकटीकडे आली आहेत, हे छायाला समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "माझी दुपारची गाडी आहे."

"बे दिवस पछी जजो," रमणीकभाई प्रेमाने म्हणाले. दोन दिवसांनी जा.

"दोन दिवसांनी आखाजी होऊन गेलेली असेल."

"घागर काय, पुढच्या वर्षीही भरतात."

दोन्ही नावं जिभेवर होती. एक क्षण तिला वाटलं, मोठ्याने म्हणून टाकावीत, आधी नातीचं, मग आईचं, दोघांना ऐकू जातील अशी, सुपरवायझरलाही ऐकू जातील अशी. मग कुणालाच तिची गरज राहिली नसती. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात दार लोटून गोपाल आत आला. त्याला फोल्डिंगवरून बोलावून घेतलं होतं. कधी, तिने पाहिलं नव्हतं. त्याच्या केसांत कापडाचे तंतू होते.

"समजाव हिला, गोपाल," हसमुखभाई म्हणाले.

गोपालने तिच्याकडे पाहिलं नाही. "साहेब, ती समजदार आहे," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. मग बाहेर व्हरांड्यात येऊन हळू आवाजात: "तिकीट मी फिरवी आणस. माले परत रातपाळीमा नको धाडू वो."

गेटसमोरच्या एसटीडी बूथवरून तिने गावातल्या किराणा दुकानाला फोन लावला. आईला बोलावून आणीपर्यंत तिकडचे आवाज ऐकू येत होते. बायका हसत होत्या. कुणीतरी झोक्याचा दोर कमी पडला म्हणून ओरडत होतं.

"छाया? निंघनी का गाडी?" इंदुबाईंचा आवाज आला.

"माय, माले येता येस नही. रेसिपीनं कुलूप मन्हाशिवाय उघडस नही. दोन्ही शेठ अडी बठनात."

छायाने डोळे मिटून घेतले. आता आई रडेल, किंवा चिडेल, निदान शेठांना शिव्या तरी देईल. त्यातलं काहीही चाललं असतं.

इंदुबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नव्हता. "ऐकनं का वो बाया," त्या दुकानातल्या बायकांना सांगत होत्या, "मन्ही आंडेरबिगर, मन्ही छायाबिगर तठे आखी मिल बंद पडस! दोन-दोन शेठ हात जोडी ऱ्हायनात." बायकांपैकी कुणीतरी खरंच नवल केलं. मग आवाज पुन्हा जवळ आला, भरलेला, खुशीतला. "ऱ्हाऊ दे माय. घागर मी भरसू. तुना बाप ऱ्हाता तर बठ्ठा गावले पेढा वाटता. जाय आते, लोके वाट देखत व्हतीन."

छायाने रिसीव्हर ठेवला आणि रस्ता ओलांडला. वॉचमनने तिला लांबूनच पाहिलं. मोठं गेट बंद होतं, म्हणून तो उठला आणि खास तिच्यासाठी त्यातलं लहान दार उघडून धरून उभा राहिला.