फ्रीवाल्या काकू

काकूंच्या हातात एकटी वस्तू मी कधी पाहिलीच नाही. बिस्किटांचे पुडे दोन, साबणाच्या वड्या दोन, सॉसच्या बाटल्या दोन. जालन्यात आमच्या वसाहतीजवळ मार्ट उघडलं, तेव्हा दारात बांधलेल्या फुग्यांखालून सगळ्यात आधी आत शिरलेल्या बायकांमध्ये त्या होत्या. दुपारी भरलेली पिशवी पोटाशी धरून परतल्या, त्या गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत. "एकावर एक फ्री देऊन राह्यलेत गं! जल्दी जा!" त्या दिवसापासून गल्लीतली पोरं त्यांना फ्रीवाल्या काकू म्हणायला लागली. काकूंनी कधी राग धरला नाही. उलट एखादं पोर नुसतंच काकू म्हणालं, तर त्या म्हणायच्या, "कोणत्या काकू? पुरं नाव घे की."

काकू जाफराबादकडच्या. माहेर आणि सासर दोन्ही मेंढपाळांचं. लग्न झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं त्या मेंढरांमागे हिंडल्या. घोड्यावर संसार, आज या शिवारात तर उद्या त्या. पुढे काकांना बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात मजुराची कायम नोकरी लागली आणि मेंढरं विकून दोघं जालन्यात आले. काका रोज रेल्वेने बदनापूरला जायचे आणि संध्याकाळी परतायचे. बोलणं फार कमी. घरातलं सगळं बोलणं जणू काकूंनीच वाटून घेतलं होतं. एकुलता एक मुलगा शिकून पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला.

फुकट मिळतंय म्हटल्यावर काकू काहीही आणायच्या. एकदा अंड्याचं ते पांढरं घट्ट सॉस आणलं, दोन बाटल्या. भाकरीला लावून एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "लोणी नासकं दिलं मेल्यांनी. एकावर एक का देऊन राह्यले, ते आत्ता कळलं." आमची गल्ली तर याहून पुढची होती. एका पावावर एक पाव मिळाला की घरोघरी दोन-दोन लाद्या यायच्या. पहिली संपेपर्यंत दुसरीवर हिरवी बुरशी. सकाळी घंटागाडी आली की बायका पदराआड धरून त्या लाद्या टाकायच्या, कारण अन्न टाकताना कुणी बघू नये असं अजून वाटायचं. काकू मात्र दारात उभ्या राहून बघायच्याच. "फुकटचं होतं म्हणून फेकलं का गं? पिकवणाऱ्यानं फुकट पिकवलंय का?" एवढं ऐकवून पुन्हा दुसऱ्या दिवशी स्वतः मार्टात हजर. मी त्यांना चिडवायचे, "काकू, तुमचं तुम्हाला तरी कळतं का?" त्या नुसत्या हसायच्या.

आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. मार्ट येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात माझे वडील गेले. मी तेव्हा सातवीत होते. सुतकाच्या दिवसांत शेजारपाजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली, रीतच ती. दिवस झाले आणि डबे थांबले. काकूंचा मात्र थांबला नाही. आई दारातच हात जोडायची, "नको वहिनी, केलंय मी." केलेलं काहीच नसायचं. आई बियाण्याच्या गोदामात कपाशीचं बी निवडायला जायची. हंगाम असला की काम, नसला की घरी. मंठ्याकडच्या खात्यापित्या शेतकरी घरातली मुलगी ती. दारी आलेल्याला वाढायची सवय होती, दुसऱ्याच्या डब्याला हात लावायची नव्हती. ते तिला मरणाहून कठीण वाटायचं. आम्ही दोघी पाण्यासारखी पातळ आमटी आणि मीठ-भाकर खात होतो, आणि भिंतीपलीकडे काकूंना फोडणीच्या आवाजावरून आमच्याकडे काय शिजतंय, काय शिजत नाही, ते सगळं कळत होतं.

एकदा आई नको म्हणेल म्हणून काकू आमच्या ओट्यावर भाताचं पातेलं झाकून ठेवून निघून गेल्या. आईने ते घरात घेतलं नाही. मला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हाने भात आंबला. आई पातेलं घेऊन काकूंच्या दारात गेली, मी तिच्या मागे. "वहिनी, तुमचा भात..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. वडील गेले तेव्हा लोकांसमोर न रडलेली आई त्या नासलेल्या भातासाठी हुंदके देऊन रडली. शिळ्या भाकरीचा कुस्करा करणारी, ताटाला लागलेलं शीत पुसून खाणारी बाई ती. काकूंनी पातेलं घेतलं.  त्या दिवशी त्यांना आईच्या घरात शिरायची वाट सापडली असणार, असं मला आता वाटतं.

कारण मार्ट उघडल्यावर त्या आल्या त्या तक्रार घेऊनच. हातात तूरडाळीचा पुडा. "सुमनच्या आई, बघा माझी अक्कल! एकावर एक मिळून राह्यलं म्हणून घेऊन आले. आमी दोघंच माणसं. हे कधी सरणार? किडे पडतील. फेकून देऊ का मंग?"

"फेकता कशाला, वहिनी?" आई उठून उभीच राहिली.

"मंग काय करू? आमच्या ह्यांना तुरीनं पित्त होतं. तारीखबी जवळ आलीय म्हणं."

आई पुड्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं, ते मला लहान असूनही दिसत होतं. शेवटी तिने हात पुढे केला. "द्या इकडं. अन्न फेकायचं न्हाई." काकू तोंडाने "लई उपकार झाले बघा" म्हणत, सुटल्यासारखा श्वास टाकत परत गेल्या. त्या संध्याकाळी आमच्याकडे घट्ट वरण झालं. मी इतकं खाल्लं की आई माझ्याकडे बघून ताटावरून उठून गेली.

मग हे सुरूच राहिलं. कधी शेंगदाणे, कधी पोहे, कधी तेलाची पिशवी. दरवेळी काकूंची कुरकुर तीच, की दुकानवाले नादी लावतात, आपण फसतो आणि घरात सामान सडतं. दरवेळी आई त्यांना सडण्यातून वाचवायची. वर त्यांना उपदेशही करायची, "वहिनी, लागंल तेवढंच आणत जावा." काकू मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. आमच्या घरात पुन्हा कुणाला तरी रागवण्याइतका जोर आईच्या आवाजात आला होता, आणि तो काकूंनीच आणून दिला होता.

एकदा ओट्यावर शेंगा फोडत बसल्या असताना त्यांनी मला मेंढरांच्या दिवसांबद्दल सांगितलं होतं. "आमी शेतात मेंढरं बसवायचो. रातभर लेंड्या पडायच्या, शेतवाल्याचं रान सुधारायचं. सकाळी तो जवारी द्यायचा. त्यानं आमाला दान दिलं न्हाई, आमी त्याला दिलं न्हाई. दोघंबी बराबर. घेणाऱ्याची मान खाली गेली, तर ते दाणे पोटात राहत न्हाईत बघ." तेव्हा मला ती नुसती गोष्ट वाटली.

बारावीनंतर मी त्याच मार्टात बिलिंगला लागले. ऑफर कशा लागतात ते तिथे आतून बघितलं. तारीख जवळ आली की माल मागच्या फळीवरून पुढे यायचा, पिवळी चिठ्ठी लागायची, आणि ज्याला एकही नको होतं तो दोन घेऊन जायचा. नूडल्स, सॉस, पाव, सरबतं, चिप्स. तूरडाळीवर, शेंगदाण्यांवर, पोह्यांवर मी तशी चिठ्ठी कधीच बघितली नाही. मी जुन्या कामगारांना विचारलं. ते हसले. डाळ कोण कशाला फुकट देईल?

त्याच आठवड्यात काकू नेमक्या माझ्या काउंटरला आल्या. पिशवीत दोन सॉसच्या बाटल्या, त्यावर चिठ्ठी होती. आणि तूरडाळीचे दोन पुडे. मी पुडे हातात धरून थांबले.

"काकू, यावर ऑफर नाही."

"मला माहिताय."

"काकू, म्हणजे इतकी वर्षं..."

"बिल कर गुपचूप. मागं माणसं उभी हायेत." मग पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "घरी बोललीस तर बघ. तुझी माय पुन्हा माझा भात नासवंल."

मी बिल केलं. डोळ्यांपुढे आकडे दिसत नव्हते. त्या बिनकामाच्या बाटल्या आणि ते नासकं लोणी, हे सगळं त्या का आणत होत्या, ते मला तेव्हा कळलं. गल्लीला त्यांचं ऑफरचं वेड खरं वाटलं, तरच आईला डाळीचा पुडा खरा वाटणार होता. मी घरी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्यासमोर बसताना मला त्यांच्या पायांना हात लावावासा वाटायचा, आणि त्या लावू देणार नाहीत हेही माहीत होतं.

काका निवृत्त झाले आणि दुसऱ्या हिवाळ्यात झोपेतच गेले. मुलगा आला, महिनाभर राहिला, पुण्याला चल म्हणाला. काकू गेल्या नाहीत. तो गेला आणि त्यांचं स्वयंपाकघर बंद पडलं. "एकटीसाठी काय चूल पेटवायची," म्हणायच्या. चहात बिस्कीट बुडवायचं, तेही अर्धं. पिशव्या बंद, मार्ट बंद, गल्लीच्या तोंडापासून येणारा तो आवाज बंद. आई रोज डबा द्यायची. काकू हसून घ्यायच्या. पण एकदा आई रिकामा डबा आणायला गेली, तर तिचाच आदल्या दिवशीचा भात झाकणाखाली आंबलेला. त्या दिवशी आईने काकूंचं मनगट हातात धरून बघितलं. घरी येऊन म्हणाली, "सुमन, बाई चालली आपल्या हातातून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई माझ्या काउंटरसमोर उभी. एकटीने मार्टात यायची तिची पहिलीच वेळ. पदराने घाम पुसत तिने तूरडाळीचे दोन पुडे पट्ट्यावर ठेवले.

"आई, यावर ऑफर नाही गं."

"मला माहीत हाय."

 ती पुड्यांकडे बघत होती. "पहिल्या दिवसापासून माहीत हाय," म्हणाली. "तुरीनं पित्त होणारा माणूस दर रविवारी वरण-भात मागायचा. भिंतीपलीकडून मला ऐकू येत नव्हतं का? पण ती बाई माझ्यासाठी स्वतःला मूर्ख म्हणून घेत होती गं. मी घेतलं नसतं, तर तिचं ते सगळं वाया गेलं असतं."  मागच्या माणसाने ट्रॉली पुढे सरकवली. मी बिल केलं.

आम्ही दोघी काकूंकडे गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आईने पुडा पुढे केला आणि कपाळाला हात लावला. "बघा वहिनी माझी अक्कल. एकावर एक मिळालं म्हणून घेऊन आले. आमी दोघीच माणसं. कधी सरणार हे? फेकून देऊ का मंग?"

काकूंनी पुडा घेतला. चष्मा लावला. पुडा उलटा केला, सुलटा केला, पिवळी चिठ्ठी शोधली. ती नव्हतीच. मग बारीक अक्षरातली तारीख बोटाने धरून बराच वेळ वाचत राहिल्या. ती तारीख पुढच्या वर्षीची होती. मला वाटलं, आता त्या पुडा परत करणार. 

"लई जवळ आलीय की तारीख," काकू म्हणाल्या.

"हौ ना," आई म्हणाली.

"फेकायचं न्हाई मंग." त्या भिंतीला हात लावून उठल्या. "सुमे, कुकर काढ वरून. तुमीबी हितंच बसा, सुमनच्या आई. एवढं एकटीला सरायचं न्हाई."

त्यानंतर त्या काही वर्षं होत्या. रोज दोन्ही घरांचं मिळून एकदाच शिजायचं, कधी इकडे, कधी तिकडे. खरं काय ते दोघींनी एकमेकींना शेवटपर्यंत सांगितलं नाही. एकीने आणायचं, कुरकुरायचं, दुसरीने वाचवायचं. यंदा होळीच्या आसपास काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "डब्यात डाळ हाय. बघ, राहून जाईल."

दिवस झाल्यावर मुलाने घर आवरलं. चांगला मुलगा आहे, पण त्याला पुण्याची गाडी गाठायची होती. तारखा बघून एकेक गोष्ट कचऱ्याच्या पिशवीत टाकत होता. अर्धा डबा तूरडाळही त्यात टाकायला निघाला. आईने त्याच्या हातातून डबा काढून घेतला. "राहू दे बाळा. आमच्याकडं सरंल."

त्या संध्याकाळी आईने ती डाळ लावली. जुनी झाली होती, शिजता शिजेना. आईने पुन्हा पाणी घातलं, पुन्हा कुकर लावला. आम्ही दोघी चुलीपाशी बसून होतो. भिंतीपलीकडे कसलाच आवाज नव्हता. शेवटी वरण झालं. आम्ही वाढून घेतलं आणि पातेलं रिकामं होईपर्यंत जेवलो. आईने तळाला लागलेली डाळसुद्धा बोटाने पुसून खाल्ली. मग भिंतीकडे बघून म्हणाली, "सरली बघा, वहिनी."